स्वरलिपीचे गणित



शाळेच्या वेळापत्रकात गणिताचा तास व गायनाचा तास हे एकमेकांपासून दूर असतात, आणि पुष्कळांच्या मनातही त्यांचे अंतर तेवढेच असते. गणित म्हणजे डोके शिणविणारा विषय व गायन म्हणजे शिणलेल्या डोक्यास विसावा, अशी समजूत सर्वत्र आढळते. ह्या दोन विषयांचे नाते किती निकटचे आहे, हे एका साध्या उदाहरणाने दाखवावे, असा ह्या लेखात आमचा हेतू आहे.

हल्ली आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही गिटार शिकण्याची हौस मुलांमुलींत दिसू लागली आहे. मोठ्या शहरांप्रमाणे नित्य शिकविणारा गुरू गावोगाव मिळत नाही. तेव्हा मुले सहा रेघांवर आकडे मांडलेला कागद समोर ठेवतात व त्याच्या आधारे तारांवर बोटे फिरवितात. ह्या कागदास ती 'टॅब' म्हणतात. दूरदेशीच्या हजारो गाण्यांचे टॅब आज सहज मिळतात. परंतु त्याच घरात आजी जे गाणे दळताकांडताना गात असे, त्याचा टॅब कोठेही मिळत नाही, कारण तो कोणी लिहिलेलाच नाही. तो आपणच लिहावयाचा असेल, तर काय केले पाहिजे? उत्तर कठीण नाही. त्यास थोडे स्वरज्ञान, इयत्ता सहावीचे गणित व संगणकास द्यावयाच्या चारदोन आज्ञा एवढेच साहित्य पुरते.

१. स्वर कागदावर कसे आले

आपल्याकडे गायनविद्या मुख्यतः गुरुमुखातून चालत आली. उत्तम चीज ही घराण्याची ठेव मानली जाई, आणि ती ठेव बाळगणारा निघून गेला की पुष्कळदा चीजही त्याच्याबरोबर जाई. ही हानी टाळण्यासाठी गेल्या दीडशे वर्षांत ज्यांनी परिश्रम केले, त्यांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी १८८६ साली बडोद्यास गायनशाळा चालू केली व शिकविण्याच्या सोयीसाठी स्वतःची स्वरलेखनपद्धती वापरली. कुरुंदवाडास जन्मलेले पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२-१९३१) यांनी १९०१ साली लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय स्थापिले. त्यांच्या लिपीत प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाची खूण असते.

पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे व्यवसायाने वकील होते. त्यांनी देशभर हिंडून निरनिराळ्या घराण्यांच्या चिजा मिळविल्या, त्या स्वरलिपीत लिहिल्या, आणि 'क्रमिक पुस्तकमालिके'च्या सहा भागांतून छापून सर्वांस खुल्या केल्या. त्यांची लिपी इतकी सुटसुटीत आहे की ती एका बैठकीत शिकता येते. शुद्ध स्वर साधा लिहावा. कोमल स्वराखाली आडवी रेघ द्यावी. तीव्र मध्यमावर उभी रेघ द्यावी. मंद्र सप्तकाच्या स्वराखाली बिंदू व तार सप्तकाच्या स्वरावर बिंदू. स्वर लांबवावयाचा असेल तर पुढे आडवी रेघ. एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घ्यावयाची असेल तर वर कमान. समेस गुणाकाराची खूण, खालीस शून्य, व इतर टाळ्यांस त्यांचे क्रमांक.

येथे एक कौतुकाची गोष्ट सांगितली पाहिजे. ऋग्वेदाच्या पोथ्यांत अनुदात्त अक्षराखाली आडवी रेघ व स्वरितावर उभी रेघ देण्याची वहिवाट आहे. १९९१ साली युनिकोड ह्या जागतिक वर्णसंचाची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा तीत देवनागरीबरोबर ह्या वैदिक खुणांसही जागा मिळाली. त्यामुळे आज कोमल ऋषभ 'रे॒' व तीव्र मध्यम 'म॑' असे संगणकावर लिहिता येतात. वेदपाठकांची जुनी सोय संगीताच्या विद्यार्थ्यास अशी अनायासे उपयोगी पडली.

२. दोन प्रकारच्या लिप्या

जगातील संगीतलिप्यांचे स्थूलमानाने दोन वर्ग करता येतात. पहिल्या वर्गातील लिपी 'कोणता स्वर निघावा' हे सांगते. भातखंडे यांची लिपी ह्या वर्गातली. पाच रेघांवर टिंबे मांडण्याची पाश्चात्त्य लिपीही ह्याच वर्गातली. अकराव्या शतकात इटलीतील आरेत्सोचा गीदो नावाच्या मठवासीने रेघांवर स्वर मांडण्याची रीत व्यवस्थित केली, आणि पूर्वी न ऐकलेले भजनही गायकांस कागद पाहून गाता येऊ लागले. दुसऱ्या वर्गातील लिपी स्वराचे नाव घेत नाही. 'कोणत्या तारेवर, कोठे बोट ठेवावे' एवढेच ती सांगते. टॅब ही ह्या वर्गातली. तीही काही नवी नाही. १५०७ साली व्हेनिस येथे ओत्ताव्हियानो पेत्रुच्ची यांनी ल्यूट ह्या तंतुवाद्यासाठी अशा लिपीतील पुस्तके छापली होती.

गिटारच्या टॅबमध्ये सहा रेघा म्हणजे सहा तारा. सर्वांत वरची रेघ सर्वांत बारीक तारेची. तीस पहिली तार म्हणतात. रेघेवरील आकडा म्हणजे पडद्याचा क्रमांक. गिटारवादक पडद्यास 'फ्रेट' म्हणतात. शून्य म्हणजे तार मोकळी छेडावी.

दोन्ही लिप्यांत गुण आहेत, तशी न्यूनेही आहेत. टॅब पाहून नवशिक्यासही लगेच वाजविता येते. परंतु तो पाहून गाता येत नाही, व पेटीवर वा बासरीवर त्याचा काडीचा उपयोग नाही. स्वरलिपी सर्व वाद्यांस व गळ्यासही सारखीच उपयोगी. परंतु बोट कोठे ठेवावे, हे ती सांगत नाही. म्हणून गाणे मूळ स्वरलिपीत लिहावे व त्यावरून टॅब काढावा, हा मार्ग उत्तम. हे काढण्याचे काम निव्वळ बेरीज-वजाबाकीचे असल्यामुळे ते संगणकावर सोपविता येते.

३. स्वरास अंक द्यावा

एका सप्तकात बारा स्वरस्थाने असतात. षड्जापासून प्रत्येक स्वर किती पायऱ्यांवर आहे, ते पुढीलप्रमाणे पाठ करावे:

सा ०, रे॒ १, रे २, ग॒ ३, ग ४, म ५, म॑ ६, प ७, ध॒ ८, ध ९, नि॒ १०, नि ११.

१९८३ साली निरनिराळ्या कारखान्यांची विद्युत्‌वाद्ये एकमेकांशी जोडता यावीत म्हणून 'मिडी' नावाचा एक संकेत ठरविण्यात आला. त्यात प्रत्येक स्वरास ० ते १२७ पर्यंतचा एक अंक दिलेला आहे. पेटीच्या मधल्या सप्तकातील पांढरी एक हिचा अंक ६०. दर सेकंदास ४४० कंपने होणाऱ्या स्वराचा अंक ६९. अंक १२ ने वाढला की कंपने दुप्पट होतात; म्हणजे ८१ ह्या अंकाची कंपने ८८०.

आता आपण ज्या पट्टीत गातो तिच्या षड्जाचा अंक एकदा ठरविला, की बाकीचे स्वर आपोआप ठरतात:

स्वरांक = षड्जाचा अंक + पायऱ्या + (१२ × सप्तक)

मध्य सप्तकास ०, तार सप्तकास १ व मंद्र सप्तकास उणे १ घ्यावे. पांढरी एक षड्ज धरल्यास मध्य पंचमाचा अंक ६० + ७ = ६७, आणि मंद्र धैवताचा ६० + ९ − १२ = ५७.

४. अंकावरून पडदा काढावा

गिटारच्या मोकळ्या तारांचे अंक पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंत असे आहेत: ६४, ५९, ५५, ५०, ४५, ४०. प्रत्येक पडद्यागणिक स्वर एकेक पायरी चढतो. म्हणून,

पडदा = स्वरांक − मोकळ्या तारेचा अंक

उत्तर उणे आले तर तो स्वर त्या तारेवर निघत नाही, असे समजावे. उदाहरणार्थ, ६० हा स्वर पहिल्या तारेवर नाही. दुसऱ्या तारेवर तो पहिल्या पडद्यावर, तिसऱ्या तारेवर पाचव्या व चौथ्या तारेवर दहाव्या पडद्यावर आहे.

भूप रागाच्या स्वरांत सोळा मात्रांचे एक लहानसे आवर्तन आम्ही अभ्यासासाठी रचले आहे:

सा रे ग रे | ग प ग – | ध प ग रे | सा ध़ सा –

ह्याचे अंक:

६० ६२ ६४ ६२ | ६४ ६७ ६४ – | ६९ ६७ ६४ ६२ | ६० ५७ ६० –

आणि ह्यावरून निघणारा टॅब (चौथी, पाचवी व सहावी तार लागत नसल्यामुळे त्या रेघा गाळल्या आहेत):

तार १ | - - ० - | ० ३ ० - | ५ ३ ० - | - - - - |
तार २ | १ ३ - ३ | - - - - | - - - ३ | १ - १ - |
तार ३ | - - - - | - - - - | - - - - | - २ - - |

विद्यार्थ्यांनी प्रत्येक आकडा स्वतः वजाबाकी करून ताडून पाहावा.

ह्या रीतीचा खरा लाभ पट्टी बदलताना दिसतो. समजा, गाणारणीस पांढरी एक उतरती वाटली व तिने काळी एक मागितली. हाताने लिहिलेला टॅब असेल तर सर्व पुन्हा लिहावा लागेल. संगणकास मात्र ६० च्या जागी ६१ एवढा एकच अंक बदलून सांगावयाचा. सारे आवर्तन क्षणात नव्या पट्टीत उतरते. ज्या ठिकाणी मोकळी तार होती तेथे आता पहिला पडदा येतो. भातखंडे लिपीतील मूळ लेखनास तर हातही लावावा लागत नाही. कारण तिच्यात षड्ज हा नेहमीच 'सा' असतो.

ह्या कामासाठी तयार साधनेही आहेत. १९९६ साली दोन डच संगीतप्रेमींनी, हान-वेन नीनहाउस व यान न्यूवेनहाउझेन यांनी, 'लिलीपॉन्ड' नावाची आज्ञावली रचण्यास आरंभ केला. तीत स्वर अक्षरांनी व कालमान अंकांनी लिहिले की छापण्याजोगी पाच रेघांची प्रत निघते, आणि त्याच मजकुरावरून टॅबही निघतो. ती विनामूल्य आहे. पाश्चात्त्य प्रत पाहताना एवढे ध्यानी ठेवावे की गिटारचे स्वर ते प्रत्यक्ष निघतात त्यापेक्षा एक सप्तक वर लिहिण्याचा प्रघात आहे.

५. निवड कोणी करावी

येथवरचे सर्व काम यंत्राचे. परंतु एक अडचण राहते. ६४ हा गांधार पहिल्या तारेवर मोकळा, दुसरीवर पाचव्या, तिसरीवर नवव्या व चौथीवर चौदाव्या पडद्यावर निघतो. ह्यांपैकी कोणता घ्यावा? 'ज्याचा पडदा सर्वांत लहान तो घ्यावा' अशी आज्ञा आम्ही वर दिली होती व म्हणून मोकळी तार आली. परंतु पंचमावरून गांधारावर मींड घ्यावयाची असेल, तर दोन्ही स्वर एकाच तारेवर दाबून घेतले पाहिजेत. अशा वेळी दुसऱ्या तारेवर पंचम आठव्या पडद्यावर घेऊन तेथून पाचव्यावर घसरत यावे, हे अधिक शहाणपणाचे.

संगणकास असेही सांगता येते की हात कमीत कमी सरकेल अशी निवड कर. मग तो लागोपाठच्या दोन पडद्यांतील अंतरांची बेरीज करून सर्वांत लहान बेरीज शोधतो. तरीही जी निवड हातास सोयीची, ती कानास गोड वाटेलच असे नाही.

ह्या बाबतीत एक बोधप्रद प्रयोग झालेला आहे. १९८० नंतरच्या दशकात जिम किपेन हे संशोधक लखनौ घराण्याच्या तबल्याचा अभ्यास करीत होते. त्यांच्यासाठी बर्नार्ड बेल यांनी 'बोल प्रोसेसर' नावाची आज्ञावली तयार केली. कायद्याचे नियम तीत घातले की ती नवे पलटे रचून दाखवी. ते पलटे उस्ताद आफाक हुसेन खाँ यांच्यापुढे ठेवले जात व ते ग्राह्य की अग्राह्य हे उस्ताद सांगत. यंत्राने रचावे व उस्तादाने पारखावे, अशी ही वाटणी होती. आणि आमच्या मते योग्य वाटणी तीच होय.

६. काळाचा हिशेब

स्वर बरोबर आला तरी तो किती वेळ टिकावा, हे न लिहिल्यास गाणे होत नाही. एका मात्रेत कधी एक स्वर येतो, कधी दोन, कधी तीन, कधी चार. संगणकास अपूर्णांकांपेक्षा पूर्णांक सोयीचे. म्हणून २, ३ व ४ यांचा लघुतम साधारण विभाज्य काढावा. तो १२ येतो. एका मात्रेचे १२ अंश धरले, तर दुगुनीत प्रत्येक स्वरास ६, तिगुनीत ४ व चौगुनीत ३ अंश मिळतात, आणि कोठेही अपूर्णांक उरत नाही. वर्गात लसावि कशासाठी शिकावयाचा, असे विचारणाऱ्या मुलांस हे उत्तर पुरेसे व्हावे.

ह्या हिशेबाने लेखनातील चूकही सापडते. तीनतालाचा प्रत्येक विभाग चार मात्रांचा, म्हणजे ४८ अंशांचा. एखाद्या विभागाची बेरीज ४५ वा ५१ आली, तर लिहिणाऱ्याने कोठे तरी स्वर गाळला आहे वा लांबविला आहे, हे यंत्र तत्काळ दाखवून देते. मग पुन्हा ऐकावे व दुरुस्त करावे.

७. अंकांत न मावणारे

येथे विद्यार्थ्यांस एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. गिटारचे पडदे बारा समान पायऱ्यांचे असतात. तारेची लांबी ६५० मिलिमीटर असेल तर बारावा पडदा बरोबर मध्यावर, ३२५ मिलिमीटरवर येतो, व पहिला पडदा टोकापासून सुमारे ३६॥ मिलिमीटरवर. परंतु तंबोऱ्याच्या नादात आपोआप ऐकू येणारा गांधार ह्या समान पायरीहून किंचित उतरता असतो. एका पायरीचे शंभर भाग केले तर तो सुमारे १४ भाग खाली येतो. श्रुतींचा हा सूक्ष्म प्रश्न सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी मोजमाप करून १९१० साली ग्रंथरूपाने मांडला होता.

शिवाय, दरबारी कानडा व जौनपुरी ह्या दोन्ही रागांत कोमल गांधार आहे. दोहोंचा अंक एकच; परंतु दरबारीतला गांधार संथ आंदोलन घेतो व त्यानेच तो राग ओळखू येतो. ते आंदोलन अंकात कसे लिहावे? पंडित ब्रिजभूषण काबरा यांनी गिटारवर पोलादी कांडी सरकवून वाजविण्याची रीत हिंदुस्थानी रागांसाठी आपलीशी केली. कांडी पडद्यांच्या बंधनात राहत नसल्यामुळे तिच्यावर मींड अखंड निघते. तात्पर्य, लिपी ही गाण्याची कुडी आहे. प्राण गाणाऱ्याने घालावयाचा असतो. तरी कुडीच नसेल तर प्राण कशात घालणार?

८. आपल्या जिल्ह्याचे काम

आता मूळ प्रश्नाकडे वळू. आपल्या जिल्ह्यात वऱ्हाडीबरोबरच गोंडी, कोलामी व बंजाऱ्यांची गोरमाटी ह्या बोली नांदतात. कोलामीस स्वतःची जुनी लिपी नाही. गोंड-कोलामांची दिवाळीच्या सुमाराची दंडार, तांड्यांवर होळीस गाइल्या जाणाऱ्या लेंगी, शेतातील व जात्यावरची गाणी, ही सर्व संपत्ती मुख्यतः वृद्धांच्या कंठात आहे. घरोघर पिठाची गिरणी आली तेव्हा जाते थांबले. जाते थांबले तेव्हा ओवी गाण्याचे निमित्तही गेले.

पुण्याच्या हेमा राईरकर व गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांत हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. ज्या बर्नार्ड बेल यांचा उल्लेख वर आला, त्यांनीच पुढे ह्या ओव्यांच्या ध्वनिमुद्रणाच्या व संगणकीय मांडणीच्या कामास हातभार लावला. शब्द जपले गेले, चालीही मुद्रित झाल्या. परंतु प्रत्येक गावाची, प्रत्येक वस्तीची चाल कोणी बाहेरून येऊन उतरवून घेईल, अशी वाट पाहत बसणे उचित नाही.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची सूचना अशी. येत्या सुट्टीत आपल्या घरातील वा शेजारातील एका वडीलधाऱ्या व्यक्तीकडून एक गाणे ऐकावे. प्रथम त्यांची अनुमती घ्यावी. मग गाणे मुद्रित करावे, त्यांचा षड्ज पेटीवर शोधावा, चाल भातखंडे लिपीत लिहावी, अंक काढावेत, आणि शेवटी टॅब. गाणाऱ्याचे नाव, गाव व दिनांक हे कागदाच्या शिरोभागी लिहिण्यास विसरू नये, कारण ते गाणे आपले नव्हे, त्यांचे आहे. तयार झालेला टॅब वाजवून त्यांस ऐकवावा. त्या 'असे नव्हे' म्हणाल्या, तर यंत्राचे न ऐकता त्यांचे ऐकावे.

पालकांसही एक विनंती आहे. मूल गिटार घेऊन बसले म्हणजे ते अभ्यास टाळते, असे लगेच मानू नये. त्यास इतकेच विचारावे, 'आजीचे गाणे तुला ह्यावर येते काय?' ह्या एका प्रश्नाने त्याचा गणिताचा, गायनाचा व घरचाही अभ्यास एकाच वेळी सुरू होईल.

अभ्यासार्थ प्रश्न

१. पांढरी दोन (अंक ६२) षड्ज धरून वरील आवर्तनाचे सर्व स्वरांक व टॅब लिहा.

२. मंद्र पंचम, कोमल निषाद व तार षड्ज यांचे अंक काळी एक पट्टीत काढा. हे स्वर कोणकोणत्या तारांवर निघतात?

३. एका मात्रेत पाच स्वर आले तर मात्रेचे किमान किती अंश धरावे लागतील, म्हणजे एक ते पाचपर्यंतचे सर्व विभाग पूर्णांकांत होतील?

४. वरील आवर्तनातील सर्व गांधार दुसऱ्या तारेवर घेऊन टॅब पुन्हा लिहा. दोन्ही वाजवून पाहा व कोणता अधिक गोड वाटतो ते कारणासह सांगा.

५. घरातील एका गाण्याची पहिली ओळ वरील रीतीने लिहून आणा.